‘मिनिमलिस्ट’ वादनाला मराठीत काय म्हणावं?

सातरस्ता: सोलापुरात एकल जॅझ पियानोचं श्रवणसत्र आहे, त्याचं पत्रक मराठीत करतोय. पियानोवादक पॉल ब्ले यांच्या १९७३च्या ‘ओपन, टू लव्ह’ या अल्बमच्या शैलीला मूळ मजकुरात ‘मिनिमलिस्ट’ म्हटलंय. मी ‘अल्पस्वरी’ लिहिलं. आयोजक म्हणतात, हे पाच सुरांच्या रागासारखं वाटतं. पटलं. दुसरा शब्द?

पेटीमास्तर: ‘मितवादन’. मित म्हणजे थोडं नव्हे, मोजलेलं. धातू ‘मा’, मोजणे. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची) चाल घ्या. डावा हात चार-चार सूर न धरता फक्त कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा धरतो: एफ-सी, एफ-बी, ई-बी. दर वेळी एकच सूर अर्ध्या स्वराने उतरतो आणि कॉर्ड बदलल्याचं तेवढ्यानं कळतं. गाळलेले सूरही मोजूनच गाळलेत.

नवीपेठ: मग सरळ ‘मोजकं वादन’ म्हणा की! अर्थ तोच, आणि कोशात बघावं लागत नाही.

फणी: ‘विरळ’ का नको?

नवीपेठ: सोलापुरात? इथे चादर विरळ म्हणजे इंचामागे आडवे धागे कमी पडले, माल परत.

फणी: गॉजपट्टी मुद्दाम विरळच विणतात. दाट विणीत एखादा धागा सरकला तर खपून जातो, विरळ कापडात लगेच डोळ्यात भरतो. या वादनातही चुकलेल्या सुराला लपायला जागा नसते.

खर्ज: शब्दाआधी अर्थ वेगळे करा. १९६०च्या दशकातलं ‘मिनिमलिस्ट’ संगीत आवर्तनावर उभं आहे; संगीतकार टेरी रायली यांच्या ‘इन सी’ या रचनेत (१९६४) ५३ छोटे तुकडे पुनःपुन्हा वाजतात. याउलट जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांचा २४ जानेवारी १९७५चा जर्मनीतल्या कोलोनचा एकल कार्यक्रम बघा. तिथे मिळालेला पियानो छोटा, वरचे सूर पातळ, खर्ज दुबळा. म्हणून ते बरेचसे मधल्या पट्टीत राहिले आणि डाव्या हाताने तेच तुकडे फिरवत राहिले. सूर मात्र भरपूर. त्याला ‘आवर्तनी’ म्हणा, मोजकं नव्हे. ब्ले सूर लावून तो विझेपर्यंत थांबतात.

फणी: सूर विझत नाही, विरतो. कापड विरतं तसा. विरळ आणि विरणं एकाच कुळातले.

पेटीमास्तर: विरळ संस्कृत ‘विरल’वरून आला, विरणं वेगळं क्रियापद. ध्वनी जुळला म्हणून कूळ जुळत नाही. ‘सूर विरतो’ हा प्रयोग मात्र अगदी चपखल.

खर्ज: विरायला पेडल सांभाळावं लागतं. पट्टी सोडली की नमद्याची गादी तारेवर बसते, सूर तुटतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचललेल्या राहतात. कॉर्ड बदलताना पाय तसाच ठेवला तर जुने-नवे सूर मिसळून गढूळ होतं, खर्जात तर जास्तच. नवा कॉर्ड वाजताच पाय वर, आणि लगेच खाली.

सातरस्ता: पत्रकात पेडलचाही उल्लेख आहे. ‘पायपट्टी’ चालेल?

नवीपेठ: पायपेटीसारखं वाटेल.

पेटीमास्तर: पायपेटीत पाय भाता चालवतो. पियानोत पाय हवा भरत नाही, सूर धरून ठेवतो. ‘पेडल’च ठेवा.