मदत हवी आहे: आईच्या टाचा फुटल्यात, भातलावणीच्या आत काय करता येईल?

गावचा_पोरगा
लवकर सांगा कोणीतरी. आईच्या टाचांना लय खोल भेगा पडल्यात, कडेने घट्टे पण झालेत, झोपताना चादरीला टाचा अडकतात. गाव वेल्ह्याकडे, आवण (भाताची रोपं) वर आलंय, पाऊस टिकला की लावणी सुरू, आणि ती काय घरी बसणारी बाई नाही. मेडिकलमधून भेगांची ट्यूब आणून दिली, काही फरक नाही. भाऊ म्हणतोय ब्लेडने जाड कातडी काढून टाकू. चालेल का? रविवारी गावी जातोय, फक्त औषधाचं नाव सांगा.

रातांबा
ट्यूबच्या नादी लागू नका. भिरंडेल न्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट वडी मिळते. पळीत पातळ करायचं आणि गरम असतानाच भेगेत सोडायचं. चटका बसतो पण भेग मिटते. आमच्या देवगडला घरोघरी हेच करतात.

शांता_मावशी
अरे बाळा, वय किती आईचं? कुठली ट्यूब, लावते कधी? पाय धुवून लावते की तशीच मातीवर? रक्त येतं का?

गावचा_पोरगा
वय पंचावन्नच्या पुढे. ट्यूबचं नाव लक्षात नाही, आठवण होईल तेव्हा लावते. रक्त येतं कधीकधी पण दुखत नाही म्हणते, म्हणजे तसं सिरीयस काही नाही. ब्लेडचं सांगा ना.

औषधी_दुकान
ब्लेड अजिबात नको, कातडी किती खोल गेली ते घरी कळत नाही. १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम मागा, युरियाने जाड कातडी मऊ पडते. रात्री पाय धुवून, टिपून, ओलसर असतानाच लावायचं आणि वर सुती मोजे. रोज लावलं तर फरक दिसतो, अधूनमधून लावून काही होत नाही.

डोंबिवलीकर
मला तळव्याला कुरूप होतं, कॉर्न कॅप लावली, कातडी पांढरी होऊन निघून गेली. तुम्ही पण लावा.

औषधी_दुकान
त्यांना कुरूप नाहीये हो. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, भेगेवर लावलं तर जखम होईल.

भातवाली
लावणीत चिखल्या, म्हणजे चिखलाने बोटांमधे होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून आम्ही आधीच पायांना मेंदी लावतो, बोटांच्या बेचक्यात नीट भरायची. गमबूट कोणी सांगेल पण चिखलात पाय रुतला की बूट तिथेच राहतो, पाय वर येतो, ज्याने लावणी केलीय त्यालाच माहीत.

रातांबा
मेंदी चिखल्यांना ठीक, भेगांना काही उपयोग नाही. भेगांना भिरंडेलच.

शांता_मावशी
तेल आणि मेंदी बाजूला ठेवा जरा. भेग खोल आहे, रक्त येतंय आणि दुखत नाही, हे मला बरं वाटत नाही. शुगर आहे का आईला?

गावचा_पोरगा
आहे, बरीच वर्षं झाली, गोळी चालू आहे. पण टाचांचा शुगरशी काय संबंध? ती अनवाणी फिरते म्हणून भेगा पडल्यात.

सिस्टर_कोल्हापूर
संबंध आहे दादा. जुन्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात, काटा लागला, भाजलं, जखम चिघळली तरी कळत नाही. घामही कमी येतो म्हणून कातडी कोरडी पडून जास्त फुटते. त्यामुळे ब्लेड नको, कॉर्न कॅप नको, पाय गरम पाण्यात बुडवून ठेवणं नको आणि गरम तेल तर नकोच, चटका त्यांना कळणारच नाही. कोमट पाण्याने धुवायचं, पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपराने बघायचं, बोटांच्या मधे कोरडं करायचं आणि तिथे क्रीम लावायचं नाही. युरियाचं क्रीम टाचेला चालतं, पण रक्त येणाऱ्या भेगेत भरू नका, ती भेग आधी डॉक्टरला दाखवा. ते नायलॉनचा धागा पायाला टेकवून संवेदना किती आहे ते बघतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

सिस्टर_कोल्हापूर
अजून एक राहिलं. उघड्या भेगा घेऊन खाचरात उतरू देऊ नका. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो आणि तो अशाच फुटलेल्या कातडीतून शिरतो. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका.

रातांबा
शुगर असेल तर गरम नको, पटलं. पण थंड वडी हातावर चोळून लावली तर? हाताच्या उबेने पण मऊ पडते ती.

सिस्टर_कोल्हापूर
जखम नसलेल्या जागी चालेल. पण खरं काम डॉक्टरकडे जाण्याचं आहे.

गावचा_पोरगा
रविवारची वाट बघत नाही, उद्याच निघतो. पण ती नाही उतरली तर लावणी कोण करणार? मजूर मिळत नाहीत, आणि हे तिला कसं सांगू.

भातवाली
इर्जिक घाला, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून एकाचं शेतकाम उरकून द्यायचं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाचरात लावणी केली असेल, लोक येतील. तिला बांधावर आवणाच्या मुठी बांधायला बसवा, पायात चप्पल घालून. नुसतं घरी बस म्हणालात तर ऐकायची नाही.

गावचा_पोरगा
हे जमेल. शुगर तपासायला उपाशी न्यायचं का?

सिस्टर_कोल्हापूर
हो, सकाळी उपाशी न्या, आणि शुगरची गोळी उपाशीपोटी देऊ नका. गोळ्यांची पाकिटं आणि भाकरीचा डबा बरोबर घ्या, रक्त दिलं की लगेच खाऊ द्या.