क्लच प्लेटा बदलताना: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धागा काढायचं कारण साधं आहे. गाडी ओढत नाही म्हटलं की थेट नवा सेट बसवला जातो, आणि जुना कशाने जळला हे विचारायचं राहून जातं. मग नवाही त्याच वाटेने जातो. ज्यांनी स्वतः क्लचचं कव्हर उघडलंय त्यांनी वर आपला भाग टाकून लिहा: काय तपासता, काय मोजता, कुठे अडतं. किस्से नकोत, कामाचं लिहा. फक्त गिअरच्या गाड्या. स्कूटरचा कोरडा क्लच वेगळा विषय आहे.

प्रतापनगर

पाना हातात घेण्याआधी लिव्हरचा प्ले बघा, म्हणजे वायरला ताण येण्याआधी लिव्हर किती मोकळी हलते ते. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या प्लेटा झिजल्या की प्ले वाढत नाही, कमी होतो. प्लेटांचा थर बारीक होतो, त्यांना स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि वायर ताणली जाते. प्ले शून्यावर आला की लिव्हर सोडलेला असूनही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. प्लेटा जळायची सुरुवात इथे होते. बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी प्ले लागतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या बुडाशी मोजायला सांगतात, तिथे २-३ मिमी.

प्ले बरोबर करूनही शंका राहिली तर सदरच्या उड्डाणपुलावर चढताना वरच्या गिअरमध्ये ४० च्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा. इंजिनचा आवाज चढला आणि स्पीडचा काटा जागेवर, तर क्लच घसरतोय. लिव्हर दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, हे दुखणं वेगळं. तिथे फक्त घासप्लेटा (अस्तराच्या प्लेटा; त्यांच्या मधे साध्या लोखंडी असतात) बदलून काही होत नाही.

नंदनवन

ऑइल कोणतं आहे ते पण विचारा भाऊ. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पायजे, ती ऑइलमधल्या क्लचसाठीची खूण आहे. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. ते इंजिनाला चांगले, पण आपल्या गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये फिरते. प्लेटा चांगल्या असून गाडी घसरून राहिली असेल तर आधी ऑइल बदलून पाहा.

हिंगणा एमआयडीसी

उघडण्याचा क्रम सांगतो. ऑइल काढा, क्लच वायर सैल करून रिलीज आर्ममधून (वायर ओढते तो कव्हरवरचा दांडा) सोडवा, किक आणि आड येत असेल तर फूटरेस्ट काढा. कव्हरचे बोल्ट बहुतेक ८ च्या गोटीचे (सॉकेटचे) असतात, पण लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, कव्हर दाबलं जात नाही, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमची चुडी (आटे) जाते.

कव्हर रबरी हातोडीने ठोकून सुटं करा, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. आत कव्हर जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात. त्या कव्हरसोबत येऊन खाली पडतात, तेवढं लक्ष ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा असे सैल करा. एका बाजूचे आधी काढले तर उरलेल्या स्प्रिंगांचा ताण तिरपा येतो आणि हबचे (लोखंडी प्लेटा बसतात तो मधला भाग) खांब तुटतात.

बऱ्याच गाड्यांत एवढ्यावर प्लेटा हातात येतात. काहींत मधला नट काढल्याशिवाय येत नाहीत. तिथे लॉक वॉशरचा कान सरळ करा, गिअर टाकून कुणाला मागचा ब्रेक दाबायला सांगा, मग नट फिरवा. बसवताना लॉक वॉशर नवा घ्या. आणि प्लेटा काढताना ओळीने फोटो काढत जा. काही गाड्यांत सगळ्यात बाहेरची घासप्लेट बाउलच्या (प्लेटा ज्यात बसतात तो बाहेरचा वाडगा) वेगळ्या, उथळ खाचेत बसते. काहींत एका घासप्लेटचं भोक मोठं असतं आणि तिच्या आत पातळ स्प्रिंगचं कडं असतं. हे उलटसुलट झालं की गाडी उचलताना थरथरते.

धरमपेठ

मोजल्याशिवाय सेट मागू नका. नवी घासप्लेट साधारण ३ मिमी असते, २.६ च्या आसपास आली की संपली. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. जाडी भरली तरी अस्तर काळं, काचेसारखं चमकतंय तर ती प्लेट बाद. लोखंडी प्लेट जाड काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवा. ०.२ मिमीचं पान आत जात असेल तर प्लेट वाकली. निळे डाग असतील तर मोजायचीही गरज नाही. स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने बघा, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम.

लोक बाउल बघतच नाहीत. प्लेटांच्या कानांनी त्याच्या बोटांवर खाचा पाडलेल्या असतात. नखाला जेमतेम लागणाऱ्या खाचा बारीक कानसीने सपाट होतात. खोल असतील तर बाउलच बदला, नाहीतर नवी प्लेट त्याच खाचेत अडकते आणि क्लच धड सुटत नाही.

मानेवाडा

स्प्रिंगखाली वॉशर टाकून क्लच कडक करून देणारे भल्ले आहेत. करू नका. लिव्हर जड होतेच, वरून स्प्रिंगची वेटोळी पूर्ण दाबायच्या आधीच एकमेकाला टेकतात. मंग प्रेशर प्लेट पुरती उचलली जात नाही, न्यूट्रल लागत नाही.

कोराडी रोड

चमकलेल्या लोखंडी प्लेटा शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चालतात का?

धरमपेठ

सपाट असतील, निळ्या नसतील, तर हलक्या हाताने चालतात. नंतर धुऊन घ्या. घासप्लेटा मात्र घासू नका. अस्तराचा भुगा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.

इतवारी

बसवण्याबद्दल. नव्या घासप्लेटा गाडीत जे भरणार त्याच ऑइलमध्ये निदान अर्धा तास बुडवून ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच उचलीला अस्तर भाजतं. लोखंडी प्लेटची एक कड गुळगुळीत, एक धारदार असते; सगळ्यांची धार एकाच दिशेला ठेवा. प्रेशर प्लेटवर बाण किंवा ठिपका असेल तर हबच्या खुणेसमोर आणा. स्प्रिंगचे बोल्ट ६ मिमीचे असतात, १० ते १२ न्यूटन-मीटर पुरे. लांब दांड्याने आवळले की तुटतात.

जुनं पॅकिंग खरवडताना कव्हरला ओरखडा नको. नवं पॅकिंग कोरडंच बसवा. सिलंटचे थर लावले की त्याचे तुकडे ऑइलच्या वाटेत अडकतात. कव्हर हाताने दाबून बसलं पाहिजे. बसत नसेल तर बोल्टने ओढू नका, रिलीज आर्म किंचित फिरवून प्रेशर प्लेट ढकलणारा रॉड जागेवर आहे का बघा. लिव्हर पोकळ लागली तर बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं.

ऑइल भरून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा आणि गाडी सरळ उभी करून लेव्हल बघा. प्ले इंजिन गार असताना लावा. पहिले ३००-४०० किमी व्हरायटी चौकाच्या गर्दीत अर्धा क्लच धरून रेंगाळू नका, न्यूट्रल करा. त्यानंतर प्ले पुन्हा मोजा, प्लेटा बसल्या की तो थोडा बदलतो.