मुरूम, पुळी की पुटकुळी?

कोरांटी: आरोग्यसेविकांसाठी त्वचारोगांची पुस्तिका मराठीत करतेय. त्यात मुरमांची तीव्रता मोजायची १९९७ ची 'गॅग्ज' पद्धत आहे. कपाळ आणि दोन्ही गालांना प्रत्येकी २, नाक आणि हनुवटीला १-१, छाती-पाठ मिळून ३. त्या भागातला सगळ्यात वाईट प्रकार धरायचा: कोमेडो (बुजलेल्या छिद्राचा काळा-पांढरा ठिपका) १, पॅप्यूल (लाल, टणक, पू नसलेला फोड) २, पुस्च्यूल (पू धरलेला) ३, नोड्यूल (खोल गाठ) ४. गुणाकार करून बेरीज. १८ पर्यंत सौम्य. पॅप्यूलला मी 'पुटकुळी' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे पुटकुळीत पू असतो. असतो का?

सांगलीकर: छे! पुटकुळी पाण्याची. पू धरला की पुळी.

गोदाकाठ: उलटं सांगताय. पुळी लाल, टणक, ठणकणारी. पिकली की पुटकुळी. त्यातला 'पु' पुवाचाच.

सांगलीकर: मग पुरीतला कुणाचा?

जुनी_पाटी: सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' आहे, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिडका असं वर्णनही आहे. निदान 'तारुण्यपिटिका' तरी म्हणा.

रिकामटेकडी: चाळिशीत हनुवटीवर आलं त्याला तारुण्यपिटिका? सासूबाई अजून चिडवतात. मुरूमच बरा.

गिट्टी: आमच्या साइटवर मुरूम ब्रासमध्ये मोजतात.

कोरांटी: हसा! पण कपाळावर पॅप्यूल असेल तर ४ गुण, पुस्च्यूल असेल तर ६. बाकीची बेरीज १४ असली तर सेविकेने पुटकुळीचा अर्थ कुठला घेतला, त्यावर पेशंट सौम्य की मध्यम ते ठरणार.

शेवगा: 'लाल पुळी', 'पुवाची पुळी', 'गाठ' लिहून मोकळ्या व्हा. नाहीतर जपानी पद्धत घ्या, २००८ ची. अर्ध्या चेहऱ्यावरचे लाल आणि पुवाचे सरसकट मोजायचे, ५ पर्यंत सौम्य. पॅप्यूल-पुस्च्यूल वेगळं करायचा प्रश्नच नाही.

जुनी_पाटी: 'पुवाची पुळी' ही परिभाषा नव्हे, चावडीवरची भाषा झाली.

शेवगा: सेविका चावडीवरच भेटतात हो, कोशात नाही.

गिट्टी: रस्त्याचा मुरूम आणि गालावरचा, दोन्ही खरबरीत. शब्द एकच असणार.

जुनी_पाटी: असणार म्हणजे? आधार?

गिट्टी: मुरमाड रानात अनवाणी चालून बघा.