मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनाचं काम काढावं की नवंच टाकावं?

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे. घरची जाळ्याची लाकडी बोट आहे. इंजिन ट्रकचंच, मरीन करून बसवलेलं, सहा सिलिंडरचं. बाबांच्या काळापासूनचं आहे आणि आधी एकदा पूर्ण काम (ओव्हरहॉल) झालेलं आहे.

मे संपता संपता परतीच्या वाटेवर खाऱ्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची रबरी पाती तुटली. एक्झॉस्टमधून पाणी पडायचं थांबलं, टेंपरेचरचा काटा वर चढला, पांढरा धूर सुटला आणि इंजिन जड होत होत बंद पडलं. शेजारच्या वाडीतल्या बोटीने ओढून आणली. ऑइलची पट्टी काढून बघतो तर ऑइल दुधाच्या चहासारखं.

१ जूनला बंदी लागली म्हणून हंगाम बुडाला नाही, एवढंच नशीब. बोट आता आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवली आहे. ३१ जुलैला बंदी उठते, म्हणजे जे काय करायचं ते भर पावसातच.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, हे इंजिन माहितीतलं आहे, स्पेअर कुठेही मिळतात, काम करून घ्या. धाकटा भाऊ म्हणतो, पुन्हा पैसे ओतण्यापेक्षा नवं टाका, वर थोडा पावर जास्त घ्या. मेकॅनिकने कामाचा जो आकडा सांगितला तो नव्या इंजिनाच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. पण त्याचं प्रत्येक वाक्य 'क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) चांगला निघाला तर' इथे येऊन थांबतं. न निघाला तर काय, ते मात्र बोलत नाही.

तिसरा पर्याय जुन्या बाजारातलं इंजिन. त्याला बाबांचा ठाम नकार, आणि मला तो पटतो.

कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा, ठरवायचं कशावरून?

प्रतिसाद

दादा, इंजिन खोलल्याशिवाय काहीच ठरवू नका. आणि खोलेपर्यंत ते तसंच ठेवू नका. ऑइलमध्ये पाणी घेऊन इंजिन पावसात महिनाभर उभं राहिलं तर बेअरिंग आणि क्रँक गंजतात, मग ठरवायला काही उरतच नाही.

आज-उद्याच सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट अगदी थोडा सैल करा. पाणी जड, त्यामुळे निथळलेलं असेल तेवढं आधी बाहेर येईल. ते खारं आहे का बघा. तुमचं हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या पाण्याने आतलं पाणी थंड करणारं) इंजिन असेल, तर आतल्या फेऱ्यात गोडं पाणी असतं. गोडं आलं तर हेड गॅस्केट गेलं, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा गेला किंवा लायनरकडून (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याकडून) पाणी येतंय. खारं आलं तर ऑइल कूलर किंवा एक्झॉस्टकडून समुद्राचं पाणी शिरलंय, आणि मग नुसतं गॅस्केट बदलून भागणार नाही. नंतर सगळं काढून टाका, साधं ऑइल भरून इंजिन हाताने फिरवा. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्येही थोडं ऑइल सोडा. फिरवताना अडकलं तर तिथेच थांबा, सेल्फ मारू नका.

खोलल्यावर तीन गोष्टी लेथवाल्याकडून लेखी घ्या: हेडची प्रेशर टेस्ट, ब्लॉकचा माथा सरळ आहे का, आणि क्रँकची मापं. एकदा काम झालंय म्हणता, तर क्रँक आधीच दहा साइजला (मूळ मापापेक्षा ०.०१० इंच कमी) घासलेला असू शकतो, कदाचित वीसला. दहाला असेल तर अजून जागा आहे. शेवटच्या साइजला असेल तर नवा क्रँक आला, आणि तुमचे चाळीस टक्के कुठच्या कुठे जातील. ब्लॉकला तडा निघाला तर विषयच संपला, नवं घ्या.

आणि हो, तुटलेल्या पात्यांचे तुकडे सापडले का? ते हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात. तिथून काढले नाहीत तर काम केलेलं काय आणि नवं काय, दोन्ही पुन्हा तापणार.

प्रतिसाद

मी देवगडकडचा. आम्ही नवं टाकलं, तेव्हाचा अनुभव सांगतो. दुकानदार सांगतो ती किंमत नुसत्या इंजिनाची. त्याच्यामागून गिअरबॉक्स येतो, इंजिनाखालच्या लाकडी पायाचं सुतारकाम येतं, पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट येतो. पावर वाढवलात तर जुना पंखा (प्रॉपेलर) चालेलच असं नाही. पंख्याचा व्यास-पिच आणि गिअरचा रेशो जुळला नाही की इंजिन पूर्ण आरपीएमला जात नाही, काळा धूर ओकत डिझेल पितं. धाकट्या भावाला हे आधी दाखवा, मग पावरचं बोलू दे.

शाफ्टचं अलाइनमेंट बोट वर असताना केलं तरी फायनल पाण्यातच. लाकडी बोट पाण्यात टाकली की अंग बदलते. दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगमध्ये (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडात) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून चारी बाजूंनी बघा.

इंजिनाचा नंबर बदलतो, तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोंदीत, विम्यात आणि मच्छीमार सोसायटीत बदलून घ्या. ऑगस्ट तोंडावर आल्यावर त्या टेबलापुढे सगळ्यांचीच गर्दी असते.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल सम्प सोडला. पाणी गोडं आहे. काकांनी स्वतः जिभेवर घेऊन बघितलं, मग दहा मिनिटं थुंकत होते. इंजिन बारने फिरतंय, थोडं जड, पण अडकत नाही. पात्यांचे दोन तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडले, बाकीचे शोधतोय.

आता घरात ठरलंय ते असं: क्रँक वीसपर्यंत निघाला आणि ब्लॉक साबूत असेल तर काम, नाहीतर त्याच पावरचं नवं. भाऊ गप्प आहे, पण पंख्याचं माप घ्यायला टेप घेऊन तोच गेला.

हेड आणि ब्लॉक दोन्हींची प्रेशर टेस्ट करणारं खात्रीचं वर्कशॉप खेड, चिपळूण किंवा रत्नागिरीत कुणाच्या माहितीत आहे का? दापोलीत चौकशी केली, तिथे हेडची होते, ब्लॉकची करत नाहीत.