काजूच्या बागायतीत दिवसाढवळ्या ओरडणारं छोटं घुबड कोणतं?

केरीची सून

नमस्कार. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात, केरीहून थोडं आत, चोर्ला घाटाच्या पायथ्याला राहतो. काजूची बागायत डोंगरउतारावर आहे आणि तिच्या वरच्या कडेला जंगल लागतं. तिथे एक वाळलेला किंदळ उभा आहे. या काजूच्या मोसमात बोंडं गोळा करायला वर गेलं की त्याच झाडावर एक छोटं घुबड दिसतं. साळुंकीएवढंच असेल. डोक्यावर शिंगं नाहीत, डोळे पिवळे. अंगावर बारीक आडव्या रेघा, अगदी डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि रात्री नव्हे, सकाळी नऊ-दहालासुद्धा ओरडतं! ओरडलं की बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे त्याच्याभोवती जमून गोंधळ घालतात.

सासूबाई म्हणतात, दिवसा घुबड ओरडणं वाईट, झाडच काढून टाका, तसंही काजूच्या दारूच्या भाटीला लाकूड हवंच आहे. दीर म्हणतो, ते कोंबडीची पिल्लं नेईल. आणि भाचा सांगतो, हा शंभर वर्षांनी सापडलेला रानपिंगळा आहे, पेपरात बातमी द्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नुसता ठिपका आलाय, म्हणून टाकत नाही. कोणाचं खरं मानू?

म्हापशेकार

पिंगळा तो, ताई. आमच्या जुन्या घराच्या वाशांवर जोडी असते. चिर्र चिर्र करून भांडतात रात्रभर. काही करत नाही तो.

निवृत्त लाइनमन, वाळपई

म्हापशेकार, तुमच्या वाशांवरचा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर नि पाठीवर पांढरे ठिपके असतात, भुवया पांढऱ्या, आणि त्याला माणसांची वस्ती लागते. ताईंनी रेघा सांगितल्या, त्याही डोक्यावर. जंगलाची कड, दिवसाचं ओरडणं, भोवती जमलेले पक्षी. हा जंगली पिंगळा. लांबी वीस सेंटीमीटरच्या आसपास, वजन शंभर ग्रॅमच्या आगेमागे. आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचं डोकं नि मान बाकी देशातल्यांपेक्षा जास्त तांबूस असते, ऊन पडलं की बघा.

मी वीज खात्यात होतो, घाटातली लाइन बरीच वर्षं माझ्याकडे होती. फॉल्ट शोधत पहाटे जंगलातून चालायचं म्हणजे आधी कान वापरावे लागतात, कारण गवा दिसायच्या आधी ऐकू येतो. तिथेच हे आवाज ओळखीचे झाले. जंगली पिंगळ्याचा आवाज एकदा नीट ऐकला की विसरत नाही. सुरुवातीला सावकाश, मोकळा ‘काव… काव… काव’, मग गती वाढत जाते, जुनी स्कूटर किक मारल्यावर पकडते तशी, आणि शेवटी ‘कुकुक, कुकुक’ असं घाईघाईत जाऊन एकदम थांबतो. संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे सगळ्यात जास्त. ढगाळ दिवशी तर दुपारीसुद्धा. त्याच्या दिवसा ओरडण्यात अवलक्षण काही नाही, त्याची वेळच ती. जातीनेच अर्धा दिवसाचा पक्षी आहे.

भाच्याला सांगा, पेपरवाल्यांना फोन करू नको. तो ज्याची गोष्ट सांगतोय तो रानपिंगळा 1884 नंतर कुणाला दिसला नव्हता आणि 1997 साली आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला सातपुडा, मेळघाट असली कोरडी सागाची जंगलं लागतात. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानशाच्या जंगलातही मिळाला. त्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, रेघा नसतात. आपल्याकडच्या पावसात आणि दाट झाडीत तो यायचा नाही.

आता कोंबड्यांचं. तुमची गावठी कोंबडी त्याच्या दहापट तरी जड. हा खातो नाकतोडे, मोठे भुंगे, झाडावर किंचाळणारे सिकाडे, सरडे, पाली, लहान उंदीर, कधी एखादा छोटा पक्षी किंवा त्याची पिल्लं. बुलबुल-शिंजीर त्याच्यावर तुटून पडतात ते या शेवटच्या कारणासाठी. कोंबडीची पिल्लं खरंच जात असतील तर दिराला मुंगुसाकडे आणि शिक्र्याकडे बघायला सांगा.

झाड मात्र आत्ता अजिबात तोडू नका. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्याने किंवा कुटुर्ग्याने कोरून सोडलेलं भोक, नाहीतर झाड कुजून आपोआप झालेली पोकळी, एवढंच त्याला चालतं. त्यात काडीकचराही आणत नाही, सरळ लाकडावरच तीन-चार पांढरी, गोलसर अंडी. मार्च ते मे हा त्याचा विणीचा काळ, म्हणजे बरोब्बर तुमचा काजूचा मोसम. तुम्हाला तो रोज त्याच झाडावर दिसतो, तेव्हा ढोली तिथेच असण्याची शक्यता फार. तोंड अगदी लहान असतं, जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंचीवर शोधा, पण खालूनच. चढून हात घालू नका, टॉर्च मारू नका.

तोडायचंच म्हटलं तर आपल्या जमिनीतल्या झाडालाही गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हेही घरात सांगून ठेवा. आणि घुबड पाळणं, पकडणं, अंडी काढणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास काही लोक जादूटोण्यासाठी घुबडं शोधत फिरतात. कोणी अनोळखी माणूस चौकशी करत आला तर ढोली दाखवू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, घाटावर पिंगळा जोशी पहाटे कंदील घेऊन दारी यायचे, पिंगळ्याची भाषा कळते म्हणायचे, आणि लोक त्यांना सुपातून धान्य घालायचे. पिंगळ्याचं बोलणं सगळीकडे वाईट धरलेलं नाही.

रानवाटा फोटोग्राफी

मस्त! ताई, लोकेशन पाठवता का? रविवारी येतो. स्पीकर आहे, कॉल लावला की पाच मिनिटांत समोर येईल. तुम्हालाही चांगला फोटो मिळेल.

निवृत्त लाइनमन, वाळपई

तुम्ही स्पीकर घरी ठेवा, बाबा. विणीच्या दिवसांत त्याचा आवाज लावला की नराला वाटतं, हद्दीत दुसरा आला. पोटासाठी किडे पकडायचं सोडून तो तुमच्या डब्याशी भांडत बसतो. आणि पिंगळ्याचा आवाज ऐकून छोटे पक्षी गोळा होतात, म्हणून हल्ली सगळ्याच पक्ष्यांच्या फोटोसाठी तोच वाजवतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचीही घरटी याच महिन्यांत असतात. अंडी उघडी टाकून ते तुमच्या स्पीकरवर ओरडायला येतात, तेवढ्यात कावळा किंवा भारद्वाज काम उरकून जातो. चोर्ल्याच्या वळणांवर हा प्रकार रोजचा झालाय. फोटो हवा तर काजूखाली पोतं टाकून गप्प बसा. हा पक्षी पटकन उडत नाही, खुंटासारखा ताठ बसतो नि नुसती मान वळवतो. धीर असेल तर हवा तेवढा वेळ देतो.

ताई, लोकेशन देऊ नका.

केरीची सून

नाही देणार, लाइनमनकाका. काल संध्याकाळी खाली उभी राहून पाहिलं. ढोली आहे, दक्षिणेच्या अंगाला, तोंड मुठीएवढं. आत काही दिसलं नाही, पण तो त्याच्याच वरच्या फांदीवर होता. दिराला म्हटलं, भाटीला आंब्याच्या वाळल्या फांद्या वापर, किंदळ पाऊस संपेपर्यंत राहू दे. पिंगळा जोश्याचं सांगितल्यावर सासूबाई गप्प झाल्या, पण पटलंय असं वाटत नाही.

आणखी एक. रात्री जेवणं झाल्यावर जंगलाच्या बाजूने दुसराच आवाज येतो. ‘टुक, टुक, टुर्रुक’, पुन्हा तेच, अर्धा-अर्धा तास. तोही हाच का? आणि आमच्या खालच्या कुळागरात उंदीर पोफळीची कोवळी फळं कुरतडतात, औषध आणून ठेवलंय, ते घालू ना?

निवृत्त लाइनमन, वाळपई

नाही, तो दुसरा. तीन ठेक्यांचा, न थकता चालणारा म्हणजे छोटा शिंगळा. आकाराने याच्याएवढाच, पण डोक्यावर दोन शिंगांसारखे तुरे, आणि पक्का रात्रीचा. दिवसा खोडाला चिकटून डोळे मिटून बसतो, हातभर अंतरावरून गेलात तरी दिसायचा नाही. काही करडे असतात, काही विटकरी, जात एकच. त्याचाच एक भाऊबंद आहे, काळसर डोळ्यांचा, तो एकच मऊ ‘वट्?’ करून बराच वेळ थांबतो, मग पुन्हा एक. आणि कुळागराच्या बाजूने ‘ऊ-उक, ऊ-उक’ असं जोडीने येत असेल तर तो मोठा आहे, तपकिरी, ससाण्यासारखा दिसणारा. तुमच्याकडे चारही ऐकू यायला हवेत.

उंदरांच्या औषधाचं पाकीट बघा. त्यावर ब्रोमाडायोलोन लिहिलं असेल तर बागायतीत घालू नका. त्याने उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस लडखडत फिरतो, तो घुबडाला सहज सापडतो, आणि विष त्याच्या यकृतात उतरतं. त्यापेक्षा पोफळीच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा, माणसाच्या उंचीच्या वर, जेणेकरून उंदराची उडी त्यावर पोचणार नाही. शेजारच्या झाडाच्या झावळ्या टेकत असतील तर त्या आधी छाटा, नाहीतर पत्रा फुकट. पिंजरे लावलेत तर रोज सकाळी उघडून बघा.