फेरागामोसारखा बुचाचा रंगीत प्लॅटफॉर्म: थर का सुटतात?

रंगपट: इटालियन पादत्राण-कारागीर साल्वातोरे फेरागामोने १९३८ मध्ये अमेरिकन अभिनेत्री ज्युडी गार्लंडसाठी इंद्रधनुषी सँडल केली होती: सोनेरी पट्टे, खाली रंगीत स्वेड (लवदार मऊ कातडं) चढवलेले बुचाचे थर. नाटकासाठी तशी जोडी करायची आहे. टाच ९ सें.मी., चवड्याखाली ५. नमुन्यात चवड्यापाशी तडा गेला, थरही सुटले. कशामुळे?

रापी_आरी: दुखणी दोन आहेत. ५ सें.मी. जाड तळ चालताना वाकत नाही, तो वाकवायला गेलं की बूच तडकणारच. पुढचं टोक जमिनीपासून १२-१५ मि.मी. उचललेलं ठेवा, मग पाऊल त्यावरून आपोआप पुढे झुकतं.

थरांचं म्हणाल तर प्रत्येक थराला स्वेड वेगळं चढवायचं. पट्टीची रुंदी थराच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना ८-८ मि.मी. जास्त घ्या, दुमड रापीने छिलून अर्ध्या मि.मी.वर आणा, वळणावर काप द्या. दुमडीमुळे मध्ये उथळ खड्डा राहतो आणि थर नुसत्या कडेवर चिकटतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. खड्ड्यात तेवढ्याच जाडीचं अस्तर भरा. चिकटवायच्या सोल्यूशनचा पहिला हात बूच पिऊन टाकतं, म्हणून दोन हात द्या. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही.

फर्मेवाला: फर्मा, म्हणजे ज्यावर जोडा बेततात तो पावलाचा साचा, किती टाचेचा घेतलाय? ९ उणे ५, म्हणजे ४ सें.मी.चाच हवा.

रंगपट: ७ चा! शँक (कमानीला आधार देणारी पट्टी) लागेल का? वेजला (टाच ते चवडा सलग भरीव तळ) लागत नाही ना?

फर्मेवाला: मग पाऊल फर्म्याप्रमाणे बसत नाही, पट्टे भलतीकडेच ओढले जातात. तो फर्मा बाजूला ठेवा.

वेजला नाही लागत, खरंय. इथिओपियावरच्या आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले, शँकसाठी चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा फेरागामोने टाच ते चवडा ही पोकळीच सार्डिनियाच्या बुचाने भरून काढली. तुमच्याकडे टाच वेगळी आणि कमान मोकळी असेल तर मात्र पोलादी शँक हवाच, टाचेखालून चवड्याच्या जरा मागेपर्यंत. तो चवड्यात घुसला तर टोचतो, आखूड पडला तर कमान खचते.

रापी_आरी: सोनेरी पट्ट्यांचं कातडं मऊ असेल तर आत सुती फीत घाला, नाहीतर दोन प्रयोगांत सैल पडतील. इनसोलखाली १५ मि.मी. तरी दाबा.