सोसायटीतल्या ठेवीवर रिझर्व्ह बँकेचे लक्ष असते का?

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. आई यंदा शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाली. बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते म्हणून हाती आलेली रक्कम एका मल्टिस्टेट सोसायटीत (एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थेत) ठेवण्याचा तिचा विचार आहे. रोज दुकानात पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करायला येणारा एजंट म्हणतो, "सगळ्यांच्या वर रिझर्व्ह बँक आहेच." हे खरे आहे का?

उत्तर (बेळगाव):
नाही. रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण तिने परवाना दिलेल्या बँकांवर असते. आपल्या भागातल्या सौहार्द संस्था, म्हणजे कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्था, कर्नाटकाच्या 1997 च्या कायद्याखाली, तर निपाणी-चिकोडीकडे दिसणाऱ्या, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट सोसायट्या केंद्राच्या 2002 च्या कायद्याखाली नोंदवलेल्या असतात. त्यांचे निबंधक वेगळे, आणि त्यांच्या ठेवींना विमाही नसतो. बँकेतल्या ठेवीला मात्र डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्याच महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी 2020 पासून या विम्याची मर्यादा एका ठेवीदारामागे एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, 5 लाख रुपये आहे आणि हप्ता बँक भरते. एजंट ओळखीचा असला तरी आईंनी पावतीवर कोणत्या कायद्याखालची नोंदणी छापली आहे, ते आधी वाचावे.

प्रश्नकर्ता:
मग गावातली अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक चालेल का? तीही सहकारीच आहे.

उत्तर (निपाणी):
ती बँक आहे, हा फरक मोठा आहे. 1 मार्च 1966 पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू आहे आणि 2020 च्या दुरुस्तीने त्यांच्या व्यवस्थापनावरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार आणखी वाढले. तरीही रिझर्व्ह बँक कोणत्याही बँकेची जामीनदार नाही. ती तपासणी करते, ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवायला लावते आणि कारभार बिघडला तर याच कायद्याच्या कलम 35अ खाली निर्बंध घालते. असे निर्बंध आले की पैसे काढण्यावर मर्यादा येते, आणि महिन्याचा औषधखर्च व्याजावर चालणाऱ्या घरांचे त्यात किती हाल होतात हे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम अशा वेळी 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली, हा ठेवीदारांना मिळालेला फार मोठा दिलासा आहे.

उत्तर (बेळगाव):
रक्कम 5 लाखांहून जास्त असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागावी. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत ठेवून उपयोग नाही, कारण त्या ठेवी एकत्रच मोजल्या जातात.